डोळ्यात उतरलेली गरमी: रक्ततपासणीपासून चौदा दिवसांच्या पेनिसिलिनपर्यंत

गरमी, म्हणजे सिफिलिस, डोळ्यात शिरली की दोन चुकांनी नजर जाते. एक, रक्त न तपासताच स्टेरॉइड सुरू करणं. दोन, निदान बरोबर होऊनही कमरेत एक इंजेक्शन घेऊन घरी निघून जाणं. पहिल्या चुकीत जंतूंना रान मोकळं मिळतं, दुसरीत औषध डोळ्यापर्यंत पुरेसं पोचतच नाही. हे टिपण रुग्णासाठी आहे, त्याच्यासोबत दवाखान्यात येणाऱ्या माणसासाठी आहे, आणि तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांसाठीही. डोस दिलेत ते स्वतःहून औषध घ्यायला नव्हे, तर आपल्याला मिळतंय ते पुरेसं आहे का हे विचारता यावं म्हणून.

शंका कधी घ्यायची

जंतू अंगात शिरल्यावर साधारण ३ आठवड्यांनी (१० ते ९० दिवसांत कधीही) लिंगावर, योनीमार्गात, गुदद्वाराशी किंवा तोंडात एक कडक कडेचा व्रण येतो. तो दुखत नाही आणि ३ ते ६ आठवड्यांत औषधाशिवाय भरतो. तिथंच माणूस फसतो. पुढे काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येतं. तळहात-तळपायांवर तांबूस, न खाजणारे चट्टे दिसले तर ते फार बोलके असतात. कधी डोक्यावरचे केस जागोजागी विरळ होतात. हेही आपोआप जातं. डोळ्याचा त्रास मात्र यातल्या कुठल्याही टप्प्यावर सुरू होऊ शकतो, पुरळ अंगावर असताना किंवा कित्येक वर्षांनी. व्रण आठवत नाही म्हणून सिफिलिस नाही असं कधीच धरू नका. बायकांमध्ये तो आत असल्यानं बहुधा दिसतच नाही.

डोळ्यात हा रोग एका रूपात येत नाही. सगळ्यात जास्त वेळा आतल्या आणि मागच्या भागाला सूज येते, त्याला युव्हायटिस म्हणतात. नजर धुरकट होते, डोळ्यासमोर ठिपके आणि जाळ्या तरंगतात, दुखतं मात्र फारसं नाही. पुढच्या भागाला सूज असेल तर डोळा लाल होतो आणि उजेड सोसत नाही. पडद्याला सूज असेल तर तपासणीत पडद्याच्या मधोमध पिवळट-राखाडी डाग दिसू शकतो. डोळ्याची नस धरली असेल तर रंग फिके पडतात आणि नजरेच्या मध्ये किंवा कडेला काळोखी येते. कधी नसेच्या फक्त आवरणाला सूज असते. तेव्हा रुग्ण तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो आणि आत नसेचं तोंड (नस डोळ्यात शिरते ती जागा) सुजलेलं असतं. म्हणून ६/६ दिसतंय एवढ्यावर कोणी सुटत नाही.

घरी एक साधी चाचणी करता येते. भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर हातभर अंतरावर, भरपूर उजेडात उभं राहा. जवळचा चष्मा असेल तर लावा. एक डोळा तळहातानं पूर्ण झाका, बोटांनी नको, फटीतून दिसतं. रविवारचे लाल आकडे बघा. मग दुसरा डोळा झाकून तेच आकडे बघा. एका डोळ्याला लाल भडक आणि दुसऱ्याला विटकरी किंवा धुतल्यासारखा दिसला, तर नसेचा त्रास असू शकतो. आकड्यांच्या चौकटीच्या रेषा वाकड्या दिसल्या तर पडद्याचा. दोन्ही डोळे सारखेच बिघडले असतील तर ही चाचणी काहीच दाखवणार नाही, त्यामुळे तिच्यावर निर्धास्त होऊ नका.

सोबत कानात शिट्टीसारखा आवाज, अचानक कमी ऐकू येणं, चक्कर, सतत डोकेदुखी, मान आखडणं, तोंड वाकडं होणं यातलं काही असेल तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा. कानातला सिफिलिस डोळ्यातल्याचा सख्खा भाऊ आहे. तो विचारल्याशिवाय कळत नाही आणि ऐकू येणं कायमचं घेऊन जातो.

डॉक्टरांना काय सांगायचं

आपल्याकडे खरी अडचण इथं आहे. डोळे दाखवायला आलेला माणूस कमरेखालचं काही सांगत नाही, आणि ओपीडीतल्या गर्दीत, सासरे शेजारी उभे असताना डॉक्टरही विचारत नाहीत. सोबत आलेल्यांना दोन मिनिटं बाहेर थांबवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे. मग एवढं पुरतं: “डॉक्टर, चार महिन्यांपूर्वी खाली एक फोड आला होता. दुखला नाही, आपोआप गेला. नंतर हातापायांवर चट्टे आले होते. माझी व्हीडीआरएल आणि एचआयव्ही करून घ्या.” व्हीडीआरएल म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी. कोणाशी, कुठं, किती वेळा, याचा पाढा वाचायची गरज नाही. डोळा का सुजला हे सांगता येत नसेल तर नेत्रतज्ज्ञानं सिफिलिसची तपासणी स्वतःहून सांगायलाच हवी, मग समोर कॉलेजचा पोरगा असो की निवृत्त मुख्याध्यापक.

कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. नेत्रविभाग, त्वचा-गुप्तरोग आणि मेडिसिन एकाच आवारात मिळतात. या आजाराला तिन्ही लागतात, म्हणून ही सोय मोठी आहे. गुप्तरोगांसाठीच्या सरकारी दवाखान्याला ‘सुरक्षा क्लिनिक’ म्हणतात आणि एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, मोफत होते. माहिती हवी असेल तर १०९७ हा टोल फ्री नंबर आहे.

डोळे तपासताना

क्रम महत्त्वाचा आहे. बाहुली मोठी करायचे थेंब घालण्याआधी बॅटरीचा उजेड आलटून-पालटून दोन्ही डोळ्यांवर टाकून बाहुल्या बघितल्या पाहिजेत. उजेड आजारी डोळ्यावर आल्यावर बाहुली आकसण्याऐवजी पसरत असेल तर त्या बाजूच्या नसेत दोष आहे. जुन्या सिफिलिसमध्ये बाहुल्या बारीक, वेड्यावाकड्या होतात; उजेडाला हलत नाहीत, पण जवळचं बघताना आकसतात. एकदा थेंब पडले की ही सगळी माहिती त्या दिवसापुरती गेली. घाईच्या ओपीडीत थेंब आधी पडतात आणि बाहुलीची नोंद कोरी राहते, हे नेहमीचं आहे.

त्यानंतर प्रत्येक डोळ्याची नजर, रंग, डोळ्याचा दाब, पडद्याची तपासणी, आणि शक्य असेल तिथं पडद्याचं ओसीटी (थरांचा स्कॅन) आणि नजरेच्या कडांची तपासणी. थेंबांनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड डोळ्यावर येतो. गगनबावड्याहून किंवा आजऱ्याहून मोटरसायकलवर एकट्यानं येऊ नका. कोणाला तरी सोबत घ्या, नाहीतर एसटीनं या.

रक्ताचे दोन प्रकार, दोन्ही लागतात

पहिला प्रकार व्हीडीआरएल किंवा आरपीआर. यात १:८, १:६४ असा आकडा येतो. तो रोग किती जोरात आहे ते दाखवतो आणि उपचारानंतर उतरतो. दुसरा टीपीएचए किंवा रॅपिड कार्ड. हा जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांचा (अँटिबॉडींचा) असतो आणि एकदा पॉझिटिव्ह आला की बहुतेकांमध्ये जन्मभर तसाच राहतो. उपाशीपोटी जायची गरज नाही, साध्या नळीत थोडं रक्त पुरतं.

गडबड तीन ठिकाणी होते. लॅब नुसतं ‘रिअॅक्टिव्ह’ लिहून देते आणि आकडा देत नाही. आकड्याशिवाय पुढं सुधारणा मोजायची कशानं? मागून घ्या. दुसरं, रोग खूप जोरात असेल तर रक्तात प्रतिपिंडांची इतकी गर्दी असते की व्हीडीआरएल खोटी निगेटिव्ह येते. चित्र सिफिलिसचं आणि रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर चिठ्ठीवर ‘सीरम पातळ करून पुन्हा बघा’ असं लिहायचं. तिसरं, जुन्या सिफिलिसमध्ये व्हीडीआरएल आपोआप निगेटिव्ह होऊ शकते, पण डोळा तरीही पेटलेला असतो. म्हणून डोळ्याच्या रुग्णाला टीपीएचए सुरुवातीलाच करावी, व्हीडीआरएलवर थांबू नये. उलट बाजूही आहे: गरोदरपण, कुष्ठरोग, मलेरिया, ल्युपससारखे आजार यांत व्हीडीआरएल कमी आकड्यानं खोटी पॉझिटिव्ह येते. तिथं टीपीएचए निकाल लावते.

एचआयव्हीची तपासणी प्रत्येकाची, संमती घेऊन. दोन्ही रोगांची वाट एकच आहे, आणि एचआयव्ही असेल तर डोळ्याचा सिफिलिस जास्त आक्रमक वागतो.

क्षयाचा सापळा

आपल्या भागात युव्हायटिस म्हटलं की पहिल्यांदा टीबी आठवतो, आणि ते चूक नाही. पण मांटू, म्हणजे कातडीत टोचून करायची टीबीची चाचणी, आपल्याकडे अर्ध्या गल्लीची पॉझिटिव्ह निघेल. तेवढ्यावर टीबीच्या गोळ्या आणि सोबत स्टेरॉइड सुरू झालं, आणि मूळ आजार सिफिलिस निघाला, तर दुहेरी नुकसान होतं. स्टेरॉइडनं जंतू फोफावतात, आणि टीबीच्या औषधांतलं इथॅम्ब्युटॉल स्वतःच डोळ्याच्या नसेला अपाय करू शकतं. मग नस रोगानं गेली की गोळीनं, हे सांगणंही अवघड होतं. स्टेरॉइडनं पहिले काही दिवस बरंही वाटतं, सूज उतरल्यासारखी दिसते, म्हणून सगळे निश्चिंत होतात. डोस कमी केला की दुप्पट उसळी. व्हीडीआरएल-टीपीएचए या स्वस्त तपासण्या आहेत. स्टेरॉइडच्या पहिल्या गोळीआधी त्यांचा रिपोर्ट हातात हवा, आणि डोळ्यात किंवा डोळ्याशेजारी स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं असेल तर हवाच हवा.

पाठीतलं पाणी काढायचं का

फक्त डोळ्याचा त्रास आहे, नेत्रतज्ज्ञाला तो दिसतोय, रक्त पॉझिटिव्ह आहे आणि मेंदू-नसांचं दुसरं कुठलंही लक्षण नाही, तर पाठीतलं पाणी काढल्याशिवाय उपचार सुरू करता येतात. पाणी साफ निघालं तरी उपचार बदलत नाहीत. डोळ्याची नस किंवा डोळा हलवणाऱ्या नसा धरल्या असतील, डोकेदुखी, मान आखडणं, वागण्यात बदल असं काही असेल, तर काढायचं. आधी मेंदूचा स्कॅन करून दाब वाढवणारी गाठ नाही ना ते बघतात, कारण दोन्ही डोळ्यांच्या नसांची तोंडं सुजलेली असली तर तीही शक्यता असते. पाण्यातल्या पेशी, प्रथिनं आणि व्हीडीआरएल बघतात. पाण्यातली व्हीडीआरएल निगेटिव्ह आली म्हणून मेंदूतला सिफिलिस नाही असं ठरत नाही. या तपासणीची तारीख मिळेपर्यंत पेनिसिलिन अडवून ठेवायचं नाही.

उपचार: चौदा दिवस, रात्रीच्या दोनच्या डोससकट

नियम एकच: डोळ्यातला सिफिलिस मेंदूतल्या सिफिलिससारखा हाताळायचा. औषध क्रिस्टलाइन पेनिसिलिन, शिरेतून, दिवसाला १.८ ते २.४ कोटी युनिट, म्हणजे दर ४ तासांनी ३० ते ४० लाख युनिट, १० ते १४ दिवस. डोळ्याची नस धरली असेल तर १४ दिवसच धरा.

हिशेब आधी करून ठेवा. १० लाखाची कुपी असेल तर ४० लाखाला ४ कुप्या, दिवसाला २४, चौदा दिवसांच्या ३३६. ३० लाखाचा डोस असेल तर २५२. ५ लाखाच्या कुप्या मिळाल्या तर संख्या दुप्पट. एवढा साठा कुठलंही मेडिकल फळीवर ठेवत नाही, म्हणून भरती होतानाच मागणी नोंदवायची, नाहीतर रविवारला लागून सुट्टी आली की चौथ्या दिवशी औषध संपतं.

वेळा अशा: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०, पहाटे २. चुकतो तो नेहमी पहाटे दोनचा. पेनिसिलिन रक्तातून फार लवकर जातं, अर्ध्या तासात निम्मं होतं. जंतू सावकाश वाढतात आणि त्यांना मारायला औषधाची पातळी सलग टिकावी लागते. म्हणून दोन डोस एकत्र देऊन भरपाई होत नाही. सोबतच्या माणसानं मोबाइलवर गजर लावावा आणि उशाशी कागदावर खुणा कराव्यात. सिस्टरवर अविश्वास म्हणून नव्हे. रात्री एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो.

डोस साधारण १०० मिली सलाइनमधून, सावकाश, अर्ध्या तासात सोडतात. घाईनं ढकलला तर शीर जळजळते. सुई दर तीन-चार दिवसांनी बदलावी. शीर लाल दोरीसारखी हाताला लागली तर त्याआधीच. किडनी कमकुवत असेल तर डोस कमी करावा लागतो, नाहीतर झटके येऊ शकतात. हृदयाच्या रुग्णाला सांगून ठेवा की या औषधातूनच दिवसाला सुमारे अडीच ग्रॅम मिठाइतकं सोडियम जातं.

एक सावधगिरी जिवाची आहे. क्रिस्टलाइन पेनिसिलिनचं द्रावण स्वच्छ, पाण्यासारखं असतं. बेंझाथिन पेनिसिलिन दुधाळ असतं आणि ते फक्त स्नायूत देतात. शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. नावात दोन्हीकडे ‘पेनिसिलिन’ असल्यानं गल्लत होते. सलाइनच्या नळीत दुधाळ काही सोडताना दिसलं तर हात धरून थांबवा.

आता ते कमरेतलं एक इंजेक्शन. बेंझाथिन २४ लाख युनिट, १२-१२ लाख दोन्ही कुल्ल्यांत, हा सुरुवातीच्या सिफिलिसवरचा उत्तम उपचार आहे. सुरक्षा क्लिनिकच्या पांढऱ्या किटमध्ये तेच असतं, सोबत अॅझिथ्रोमायसिन. व्रणासाठी ते बरोबर आहे, डोळ्यासाठी अपुरं. बेंझाथिन रक्तात काही आठवडे टिकतं, पण मेंदूभोवतीच्या पाण्यात आणि डोळ्यात जंतू मारण्याइतकी पातळी गाठत नाही. पुरळ जातं, डोळा मागं राहतो. पांढरं किट घेतलेल्याला पुढं डोळ्याची तक्रार आली तर ‘उपचार झालेत’ म्हणून सोडून देऊ नये. क्रिस्टलाइनचा कोर्स संपल्यावर जुन्या सिफिलिससाठी बेंझाथिनचे आठवड्याला एक असे १ ते ३ डोस काही डॉक्टर जोडतात, ते वेगळं.

पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर सेफ्ट्रिॲक्सोन १ ते २ ग्रॅम रोज एकदा, १० ते १४ दिवस, हा पर्याय आहे. दिवसातून एकदाच असल्यानं चंदगडसारख्या लांबच्या माणसाला सोयीचा वाटतो, पण सोय म्हणून पहिली पसंती त्याला देऊ नये. पेनिसिलिनइतका आधार त्याच्यामागे नाही. अॅलर्जी खरी होती की लहानपणी इंजेक्शननंतर चक्कर आली होती एवढंच, हे आधी नीट विचारा. गरोदर बाईला मात्र पेनिसिलिनच. अॅलर्जी असेल तर दवाखान्यात देखरेखीखाली शरीराला त्याची सवय लावून देतात. डॉक्सीसायक्लिन किंवा अॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्यांवर डोळ्याचा सिफिलिस सोपवू नये.

पहिल्या डोसनंतर २४ तासांत थंडी वाजून ताप, अंगदुखी, डोकेदुखी येऊ शकते. मेलेल्या जंतूंमुळे शरीर खवळतं, त्याला यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रिया म्हणतात. पॅरासिटामॉल आणि पाणी, एक दिवसात उतरते. ती अॅलर्जी नव्हे, औषध थांबवायचं नाही. अॅलर्जी वेगळी दिसते: काही मिनिटांत ते तासाभरात अंगावर गांध्या, ओठ-घसा सुजणं, धाप, बीपी कोसळणं. या दोन्हींची गल्लत होऊन पेनिसिलिन बंद झालं तर रुग्णाचं सगळ्यात मोठं शस्त्र गेलं. नसेची सूज असताना ही प्रतिक्रिया डोळ्याला तात्पुरती खाली ओढू शकते, म्हणून पहिल्या दोन दिवसांत नजर रोज तपासावी.

स्टेरॉइड कायमचं वाळीत टाकायचं असं नाही. पुढच्या भागाची सूज असेल तर पेनिसिलिनच्या आधारानं थेंब चालतात, सोबत बाहुली चिकटू नये म्हणून तिला मोठी ठेवणारे थेंब. नस किंवा पडदा जास्त सुजला असेल तर पेनिसिलिन सुरू झाल्यावर नेत्रतज्ज्ञ गोळ्या ठरवतील. आधी पेनिसिलिन, मग स्टेरॉइड. हा क्रम उलटू द्यायचा नाही.

पाऱ्याची भस्मं आणि रसकर्पूर घेऊन बघू म्हणणारे अजून भेटतात. पेनिसिलिन सिफिलिसवर पहिल्यांदा १९४३ मध्ये वापरलं गेलं. त्याआधी पारा आणि सोमल (आर्सेनिक) यांची औषधं होती, आणि मेंदूतल्या सिफिलिससाठीचं ट्रायपार्सामाइड हे सोमलाचं औषध तर काहींच्या डोळ्यांच्या नसाच घालवायचं. तो काळ पुन्हा आणायचं कारण नाही.

जत्रा, लग्न, साखर कारखान्याचा हंगाम, काहीही असलं तरी आठव्या दिवशी ‘आता बरं दिसतंय’ म्हणून सुट्टी घेऊ नका. रजेच्या दाखल्यावर ‘डोळ्याच्या नसेला सूज’ एवढं लिहिलं तरी खरंच असतं.

घरात कसं सांगायचं

जोडीदाराची तपासणी टाळली तर रोग फिरून घरात येतो. व्रण होता त्यांनी गेल्या ३ महिन्यांतले, पुरळ होतं त्यांनी ६ महिन्यांतले आणि लक्षण नसताना गेल्या वर्षभरात लागण झालेल्यांनी १२ महिन्यांतले जोडीदार कळवायचे, शिवाय लक्षणं जितके दिवस होती तेवढे त्यात मिळवायचे. गेल्या ९० दिवसांत संबंध आलेल्या जोडीदाराचं रक्त निगेटिव्ह असलं तरी बेंझाथिनचं इंजेक्शन देतात, कारण रक्तात दिसायला वेळ लागतो. वाक्य साधं ठेवा: “मला एकमेकांना लागणारा एक जंतुसंसर्ग निघालाय, डोळ्यावर आलाय. औषध आहे. तुझंही रक्त बघायला सांगितलंय, उद्या दोघं जाऊ.” पुढचं बोलणं सुरक्षा क्लिनिकच्या समुपदेशकासमोर झालं तर बरं. पत्नी गरोदर असेल तर उद्या नव्हे, आज. बाळाला पोटातच लागण होते, आणि अशा मुलांचं बुबुळ पुढं ५ ते २० वर्षांच्या वयात पांढरं पडू शकतं. दोघांचे उपचार पुरे होईपर्यंत संबंध नकोत.

नंतर काय बघायचं

लवकर धरलेल्या डोळ्याची नजर काही आठवड्यांत चांगली परतते. नसेचं तोंड पांढरं पडलं असेल तर तेवढा भाग परत येत नाही. उरलेला वाचवण्यासाठी उपचार असतात. तरंगणारे ठिपके महिनोन्‌महिने राहू शकतात, तो जुना कचरा आहे, औषध फसल्याची खूण नव्हे. सूज पूर्ण उतरेपर्यंत नवीन चष्मा करू नका, नंबर बदलत राहतो.

व्हीडीआरएल ६ आणि १२ महिन्यांनी करा. एचआयव्ही असेल तर ३, ६, ९, १२ आणि २४ महिन्यांनी. दर वेळी तीच लॅब, तीच तपासणी, कारण व्हीडीआरएलचा आकडा आरपीआरच्या आकड्याशी जुळवता येत नाही. १:६४ वरून १:१६ किंवा खाली आलं तर चौपट उतार, उपचार लागू पडले. १:६४ वरून १:३२ म्हणजे फरक नाही, ती चाचणीतली नेहमीची हालचाल. उलट १:४ वरून १:१६ वर गेलं तर नवीन लागण किंवा अपुरा उपचार, पुन्हा पहिल्यापासून बघायचं. जुन्या रोगात आकडा १:२ किंवा १:४ वर वर्षानुवर्षं अडकून राहतो, त्यासाठी पुन्हा पुन्हा इंजेक्शनं घेऊ नयेत.

डिस्चार्ज कार्डावर औषधाचं नाव, डोस, सुरू-बंद तारखा आणि शेवटचा आकडा लिहून घ्या आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. टीपीएचए बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहणार. वीस वर्षांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी कोणीतरी रक्त तपासेल आणि गोंधळ होईल, तेव्हा तो कागद दाखवायचा.